दुसऱ्याचं गाणं

मी ही सगळी गाणी पहिल्यांदा ऐकली ती कुजबुजल्यासारखी. आप्पा पहाटे अंधारात कांदा-बटाटा मार्केटला जायचे, ट्रकमधल्या गोणी पाठीवरून उतरवायचे, दुपारी घरी येऊन जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांच्या सदऱ्याला चिकटून आलेली कांद्याची गुलाबी सालं पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर फिरायची. सानपाड्याची आमची ती एक खोली, मागं स्वयंपाकघर, त्याला दाराऐवजी पडदा. आई भांडीसुद्धा पाण्यात बुडवून बिनआवाजाची घासायची. अशा वेळी मी रेडिओ-टेपचा टू-इन-वन मांडीवर घ्यायची, आवाज अगदी कमी करायची आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. त्यामुळे ज्या गाण्यात ड्रम बडवून भिंती हलवायच्या होत्या, तेही माझ्या कानात कुणीतरी शेजारी बसून गुपित सांगावं तसं यायचं. पुढं ती गाणी मोठ्यानं, समोर वाजताना ऐकली तेव्हा मला वाटलं, ही दुसरीच आहेत. आजही मुलगी गाडीत मोठ्यानं काही लावते तेव्हा माझा हात आधी आवाज कमी करायला जातो. ती चिडते. मला तर गाणं हळू केलं की जास्त ऐकू येतं, हे तिला कसं पटवायचं?

कॉलेजात माझ्या बाकावर निर्मला बसायची. रस्त्यापलीकडच्या सानपाडा गावची, आगरी घरातली. तिच्या वडिलांची पूर्वी खाडीकाठाला भातशेती होती. हे शहर बसवायचं ठरलं तेव्हा ती सरकारनं घेतली. मग काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोनमजली घर बांधलं, खाली भाडेकरू ठेवले आणि विटा-वाळू पुरवायचा धंदा सुरू केला. काका उंच, आवाज असा की फोनवर बोलले तरी गल्लीला कळावं. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती जेवायलाच. काकींनी तांदळाची भाकरी आणि नेवट्यांचं कालवण वाढलं. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो मासा ताटात बघून मी जरा मागं सरकले. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आमच्याकडं खर्डा आणि ज्वारीची भाकरी. काकी म्हणाल्या, "खा गो बाय, तो काय आता उडनार नाय." खाल्ला, आणि नंतर वाटी पुढं केली, तेव्हापासून मी त्या घरचीच झाले.

गच्चीलगतच्या खोलीत निर्मलाचा मोठा भाऊ जयेंद्र राहायचा. मी त्याला जयादादा म्हणायची. लोकांना वाटायचं माझं त्याच्यावर मन आहे. नव्हतं. माझं मन होतं त्या खोलीत जे चालायचं त्याच्यावर. जयादादा गिटार वाजवायचा आणि इंग्रजीत गाणी करायचा. त्याचा मित्र ऑस्टिन नेरूळचा, त्याचे वडील बोटीवर नोकरीला. ते अमेरिकेच्या बंदरांतून कॅसेटी आणायचे. त्यांत दोन जातींची गाणी असायची आणि आम्ही त्यांना आमचीच नावं दिली होती, भिंतवाली आणि रस्तावाली. भिंतवाली म्हणजे रॉक, भिंत हलवणारी. रस्तावाली म्हणजे एखादा माणूस गिटार घेऊन सावकाश काहीतरी सांगतोय, मध्येच माऊथ ऑर्गन, एखादं गाव मागं पडलंय, एखादी बाई खिडकीत राहिलीय. त्याला अमेरिकाना म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. त्या कॅसेटींवर पोसलेली चार-पाच पोरांची टोळकी तेव्हा नेरूळ, बेलापूर, वाशीत होती. कुणी गॅरेजमध्ये वाजवायचं, कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली. रविवारी सकाळी ती सगळी जयादादाच्या खोलीत जमायची.

पहिल्या काही रविवारी नुसती भांडणं झाली. जो तो आपलंच गाणं वाजवायचा, आणि दुसऱ्याचं चालू असलं की खिडकीबाहेर बघायचा. मग ऑस्टिननं नियम काढला. आपलं गाणं आपण वाजवायचं नाही. इथं जमलेल्यांपैकी दुसऱ्या कुणाचंतरी आवडलेलं एक गाणं उचलायचं, घरी बसवायचं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना ऐकवायचं. "आणि का आवडलं ते पण बोलायचं," तो म्हणाला. "टाळ्या नको, कारण द्या." या एका नियमानं त्या खोलीचं सगळं वागणंच बदललं. पोरं एकमेकांची गाणी घोकायला लागली. स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना एकेकाचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

मला काहीच वाजवता येत नव्हतं. मी ऐकायची आणि कॅसेटवर भरून घ्यायची. आमचा टू-इन-वन पिशवीत घालून न्यायची, मधोमध सतरंजीवर ठेवायची, आणि घरी येऊन त्यातली निवडक गाणी एका कॅसेटवर उतरवायची. निर्मला वेष्टनावर रंगीत पेननं वेली काढायची. त्या कॅसेटी हातोहात फिरायच्या, थेट कामोठ्यापर्यंत जायच्या, आणि रील गुंतलं की पेन्सिल घालून गुंडाळलेल्या अवस्थेत परत यायच्या. "शोभाची नवीन आली का?" असं अनोळखी मुलं विचारायची. कॉलेजात माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण या गाण्यांच्या गावात माझा शब्द चालायचा.

त्यातली कुठली आवडायची, ते सांगते. नेरूळच्या पोरांचं नळाला पाणी येण्याची वाट बघण्यावर एक भिंतवालं गाणं होतं. अख्खं गाणं वाढत वाढत जायचं, ड्रमवाला घरचं निळं पिंप बडवायचा, आणि शेवटी पाणी यायचंच नाही, गाणं नुसतं फुस्स करून थांबायचं. आम्ही दर वेळी हसायचो. बेलापूरच्या विद्या नावाच्या मुलीचं रस्तावालं होतं, कळंबोलीच्या नाक्यावर घाटावरच्या एसटीची वाट बघणाऱ्या बाईचं. विद्याचा आवाज जरा फाटका होता, थंडीत उठल्यावर असतो तसा, आणि त्या गाण्याला तोच हवा होता. ऑस्टिनचं गाणं वडिलांच्या फोनवरचं. परदेशातून फोन आला की तेव्हा आपलं बोलणं तिकडं पोचायला क्षणभर लागायचं. त्यानं चालीतच ती जागा रिकामी ठेवली होती. एक ओळ, मग काहीच नाही, मग पुढची ओळ. त्या रिकाम्या जागेत मी जाळीला कान आणखी चिकटवायची. यातलं एकही गाणं पुढं कुठं छापलं गेलं नाही, कुठं विकलं गेलं नाही. तुम्ही शोधलीत तर सापडणार नाहीत.

आणि जयादादाचं ते शेताचं गाणं. ते त्यानं एकदाच, चुकून, गुणगुणलं होतं. विद्यानं ते माझ्या कॅसेटवरून पकडलं आणि पुढच्या रविवारी म्हणून दाखवलं. कडवी इंग्रजीत, एका माणसाच्या पायाखालचा बांध एका सकाळी डांबराचा झाला, अशी. धृपदात मात्र नुसती नावं, भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या गेलेल्या शेतांची, त्याच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. मोठी खार, उंबराचा बांध, भुताचं खाचर, बायजीची पट्टी. मराठी नावं, पण चाल त्या दूरच्या देशातली, एकेका नावावर थांबत जाणारी. विद्यानं कारण सांगितलं, "आय डोंट नो का, पण ही नावं बोलताना मला रडू येतं, आणि मी तर ती शेतं पाहिलीसुद्धा नाहीत." जयादादा उठून गच्चीवर गेला. त्यानंतर ते स्वतः गायचं त्यानं कधी नाव काढलं नाही.

काकांना हे सगळं खपत नव्हतं. ते जिन्याखालून ओरडायचे, "जया, तुजं ते इंग्रजी रडगानं पुरं झालं का? विटांची गाडी आलीय!" धंद्यात एकुलता एक मुलगा हवा होता, आणि तो डोळे मिटून तारा छेडत बसायचा. निर्मलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, लग्न झालं की गिटार या घरातून बाहेर. जयादादानं गिटार गवसणीत घालून ठेवली. निर्मला बोलली. तिनं बापाला सांगितलं, माझ्या हळदीला दादाचं एक गाणं झालं पाहिजे, नाहीतर मी पाटावर बसत नाही. काका म्हणाले, हळदीला बेंजो असतो, ढोलकी असते, पोरीबाळी नाचतात, तिथं हे कसलं? निर्मला तोंड फुगवून दोन जेवणं जेवली नाही. शेवटी काका म्हणाले, "एक. एकच. आनि कोनाला रडवायचं नाय."

मग निर्मला मला म्हणाली, "शोबे, कुठलं ते तू निवड."

"मी? तुझी हळद, तुझा भाऊ."

"कॅसेटी कोन भरतं? तूच ना? मग निवड."

जयादादाला नळाचं गाणं हवं होतं. निदान पोरं उड्या मारतील, लोक हसतील, आणि वेळ निभावेल. त्याचं बरोबरच होतं. मी त्या आठवड्यात सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकल्या, जाळीला कान लावून. दर वेळी हात त्याच एका गाण्यावर थांबायचा. मी जाऊन सांगितलं, "शेताचं. आणि विद्या नाही, तू म्हणायचं."

तो चांगलाच भडकला. "नियम काय आहे? आपलं आपण नाही म्हणायचं."

"नियम रविवारचा आहे. हळद शनिवारी आहे."

"अगं, बाबाला ते नाव काढलेलं चालत नाय. शेताचा विषय निघाला की तो ताटावरून उठतो. बहिणीच्या हळदीत मी त्याला उठवू?"

मी निर्मलाकडं बघितलं. ती बांगड्या मोजत असल्यासारखं करत होती. मग म्हणाली, "मला चाललंय. उठला तर उठला. माजी हळद हाय." शनिवारपर्यंतच्या दोन रात्री मला धड झोप लागली नाही. दुसऱ्याच्या घरातलं लग्न, आणि मी, एका हमालाची पोर, त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला निघाले होते.

शनिवारी दिवेलागणीला मांडवात माणूस मावत नव्हता. म्हाताऱ्या पुढं सतरंजीवर, म्हातारे खुर्च्यांवर, पोरं खांबांना लटकलेली. निर्मला पिवळीधमक होऊन पाटावर बसलेली, नाकाच्या शेंड्यावरची हळद पुसू देत नव्हती. बेंजोवाल्यांनी अशी काही धमाल उडवली की काकीसुद्धा दोन पावलं नाचल्या. आई-आप्पाही आले होते, एका कडेला अवघडून बसलेले. बेंजोवाले चहाला उठले आणि जयादादा, ऑस्टिन आणि विद्या पुढं आले. गिटार बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या. जयादादानं माईकचा स्टँड पुढं ओढला आणि सरळ गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं इंग्रजीत. मांडवात चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "अरे, ढोलकी घ्या रं!" दोन बाया उठून पाण्याला गेल्या. मी काकांकडं बघतच नव्हते. मग धृपद आलं. मोठी खार. त्यानं ते नाव तसंच लांबवलं. उंबराचा बांध. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीचा हात धरला. भुताचं खाचर. खुर्चीवरच्या एका आजोबांनी मान वर केली. बायजीची पट्टी. ते आजोबा उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांब रं, चुकलास! बायजीची पट्टी आदी. भुताचं खाचर मंग. पान्याच्या मोऱ्या कुनीकडनं व्हत्या, ठाव नाय का तुला?"

जयादादा थांबला. ऑस्टिन थांबला. मग दुसरे एक म्हातारे म्हणाले, "आदी नाय, तात्या, बाजूला. आमचं मिठाचं आगर मदी व्हतं." "तुमचं आगर खाली!" तिसऱ्यानं सांगितलं. एक म्हातारी तिथूनच बोलली, "आनि आमची वरची खार? आमची कोनी घेतलीच नाय गान्यात!" मांडवात हशा उठला, पण तो टिंगलीचा नव्हता. जयादादा हळूच ऑस्टिनला काहीतरी म्हणाला, तारा पुन्हा सुरू झाल्या, आणि त्यानं नावं फिरवून, म्हातारबाबांच्या क्रमानं, धृपद म्हटलं. वरची खार आली तेव्हा त्या म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. मग लोक नावं देत गेले आणि तो ती चालीत बसवत गेला. इंग्रजी कडवी राहूनच गेली. एखादं नाव चालीत बसायचं नाही, मग विद्या आणि तो दोघं हसत हसत ते ओढून बसवायचे. मांडवाच्या बाहेर जिथं आता पक्का रस्ता आणि पत्र्यांच्या टपऱ्या होत्या, तिकडं हात करून माणसं भांडत होती, इथं नाय, तिथं.

काका उठलेले मी पाहिले. ते मांडवाच्या मागच्या बाजूला गेले. निर्मलानंही पाहिलं आणि ती पाटावरून उठायला लागली, बायकांनी तिला खांदे धरून बसवलं. जयादादाचा आवाज पडला. काका पाण्याच्या पिंपापाशी पाठमोरे उभे होते, तोंडावर पाणी मारत होते. मग ओल्या तोंडानंच परत आले, गर्दीतून वाट काढत थेट माईकपाशी. मला वाटलं, आता गिटार ओढून घेतात.

"कोंडी राह्यली," ते म्हणाले. माईकमुळं ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "आपलं शेत, कोंडी. सगल्यांची घेतलीस, आपलीच राह्यली. तुजी आय लगीन होऊन आली तवा भाताच्या आवनीला पयली तितंच उतरली व्हती."

"आनि पयली पडली बी तितंच!" हळदीची वाटी हातात धरून काकी ओरडल्या.

मांडव पडतोय की काय असा हशा झाला. काका हसता हसता खुर्चीवर बसले आणि तसेच बसून राहिले. जयादादानं कोंडी घेतली. ती त्यानं इतकी सावकाश घेतली की चहाला गेलेले बेंजोवाले कप घेऊन परत येऊन उभे राहिले. पुढं त्यांच्यातल्याच एकानं हलकेच साथ धरली, आणि मग नाच पुन्हा सुरू झाला, हळदीला व्हावा तसा.

गोष्टीत असतं तसं पुढं काही झालं नाही. जयादादा धंद्यात बसला. गिटार घरात राहिली, पण रविवार हळूहळू विरत गेले. ऑस्टिन वडिलांसारखाच बोटीवर गेला, विद्या शिकायला बेंगळूरला. निर्मला आता सीवूड्सला असते, दोन नातवंडं सांभाळते आणि माझ्याशी फोनवर तासभर भांडते. जयादादा अजूनही गावातल्या हळदीला ते गाणं म्हणतो. त्यात आता एवढी नावं झाली आहेत की लोक मध्ये जेवून येतात.

लग्नानंतर काही दिवसांनी, मार्केटला सुट्टी होती त्या सकाळी, काका आमच्या खोलीत आले. ते पहिल्यांदाच येत होते. आई गडबडली, आप्पांनी घाईनं सदरा चढवला. काका बुंदीच्या लाडवांचा पुडा ठेवून सतरंजीवर बसले आणि मला म्हणाले, "हळदीचं भरलंस का गो?"

मी नव्हतं भरलं. त्या गडबडीत टू-इन-वन न्यायचंच कुणाला सुचलं नव्हतं. काकांनी कोपऱ्यातल्या टू-इन-वनकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "मग आता भर. मी सांगतो. पोरगा गायलाय त्यात चुका हायेत." मी कोरी कॅसेट घातली. त्यांनी एकेक शेत सांगायला सुरुवात केली, कुठं होतं, कुणाला लागून, कुठल्या भाताचं, आता तिथं काय आहे. त्या मोठ्या आवाजाचा माणूस इतका जपून बोलत होता की मला मशीन त्यांच्याजवळ सरकवावं लागलं.

आप्पा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पाव्हणं, नुसतं भातच व्हय?"

"भात. नायतर मीठ. तुमच्याकं?"

"जवारी. डोंगराकडंचं हाय ते गव्हाळं. म्हणत्यात गव्हाळं, पर गहू काय कधी आला न्हाई त्यात. आन् खालचं म्हसोबाचं."

मी आप्पांकडं बघत राहिले. आमच्या घरात त्याला नेहमी 'गावाकडची जमीन' एवढंच म्हणायचे. तिला नावं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. काका पुढं सरकले, म्हसोबाच्याला पाणी कुठलं, ते विचारायला लागले. तेवढ्यात पडदा बाजूला करून आई बाहेर आली. हात पदराला पुसत ती मशीनसमोर बसली.

"आन् विहिरीपाशी पट्टी हाय ती? ती कुणी सांगायची?"

"तिला कुठं नाव हाय?" आप्पा म्हणाले.

"हाय की. आम्ही बायका तिला सासू म्हणायचो. किती बी राबा, कधी खूश न्हाई."

आप्पा आईकडं वळले. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. "आन् हे मला कधी बोलली न्हाईस ती?"

"कशी बोलू? तुमची आई समोर बसलेली असायची," आई म्हणाली.

काका असे हसले की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. आप्पा हसले, आईही, तोंडाला पदर लावून. मशीन चालूच होतं. मी ते बंद केलं नाही.